धमनी नेमकी कुणी आवळली? न्यूरोपेप्टाइड रिसेप्टरवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी येते, त्याच सुमारास दरवर्षी आमच्या लॅबमध्ये नवी पोरं दाखल होतात. कुणी एम. फार्म.चं, कुणी एम. एस्सी.चं. पहिल्या आठवड्यात हटकून एक प्रश्न येतो, "मॅडम, न्यूरोपेप्टाइड वायनं रक्तवाहिनी आवळते, बरोबर ना?" बरोबर. न्यूरोपेप्टाइड म्हणजे मज्जातंतूतून सुटणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी. पण एवढ्यावर परीक्षेत दोन मार्क पडतात, थीसिस होत नाही. कुठल्या रिसेप्टरमार्फत (पेशीवर बसून रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनामार्फत) आवळते आणि तो रिसेप्टर वाहिनीच्या भिंतीत कुठं बसलाय, हे सांगता आलं पाहिजे. कारण हेच पेप्टाइड एका जागी बसून धमनी आवळतं, आणि दुसऱ्या जागी बसून आवळणारी रसायनंच कमी सोडायला लावतं. ग्राफवर दोन्हींची बेरीज उमटते आणि नवखा माणूस तिथंच फसतो.

ही बेरीज फोडायची कशी, ते इथं क्रमानं सांगते. आधी बोकडाच्या धमनीवर हात बसवायचा आणि मगच उंदराच्या बारीक वाहिनीला हात लावायचा, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

आधी भिंत डोळ्यांसमोर आणा

धमनीच्या भिंतीत तीन पत्ते लक्षात ठेवा. सगळ्यात आत एंडोथेलियम, म्हणजे एका पेशीच्या जाडीचं अस्तर. मधे स्मूथ मसलचा, म्हणजे वाहिनी आवळणाऱ्या स्नायूचा थर. त्या थराच्या बाहेरच्या कडेला सिंपथेटिक (शरीर ताणात असताना चेतणाऱ्या) मज्जातंतूंच्या टोकांचं जाळं. रिसेप्टर यांपैकी कुठंही असू शकतो, आणि पत्ता बदलला की परिणाम बदलतो.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी रात्रीच्या लाइटीवर दारं धरली असतील. खोऱ्यानं चार बोटं माती ओढली की सरीचं पाणी निम्म्यावर येतं. धमनीतला हिशेब याहून कडक आहे. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळं त्रिज्या फक्त १० टक्के घटली तरी प्रवाह सुमारे ३४ टक्के घटतो. ग्राफवरची रेघ जराशीच वर गेली म्हणून "काही झालं नाही" असं लिहून मोकळे होऊ नका.

आता पेप्टाइडकडे. न्यूरोपेप्टाइड वाय, म्हणजे एनपीवाय, ही ३६ अमिनो आम्लांची साखळी. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मुट यांनी १९८२ मध्ये ती डुकराच्या मेंदूतून वेगळी काढली. तिच्या दोन्ही टोकांना टायरोसिन आहे आणि टायरोसिनचं एकाक्षरी चिन्ह वाय, म्हणून हे नाव. माणसाचं आणि उंदराचं एनपीवाय अगदी एकच असतं, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट.

सिंपथेटिक तंतूच्या टोकातून ते नॉरअ‍ॅड्रेनालिन (तंतूचं मुख्य आवळणारं रसायन) आणि एटीपी यांच्या जोडीनं सुटतं, पण सारख्या प्रमाणात नाही. ते मोठ्या पुटिकांमध्ये (तंतूतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये) साठवलेलं असतं आणि तंतू जोरात, झपाट्यानं पेटला की जास्त बाहेर पडतं. तुम्ही रंकाळ्यावर संध्याकाळी निवांत बसलाय तेव्हा त्याचं फारसं काम नसतं. खासबागेत खडाखडी संपून डाव लागतो, तेव्हा पैलवानाच्या शरीरात मात्र ते कामाला लागतं. थंडीत बोटं पांढरी पडतात, त्यातही नॉरअ‍ॅड्रेनालिनबरोबर याचा वाटा असतो.

रिसेप्टरची नावं वाय-१, वाय-२, वाय-४ आणि वाय-५. "वाय-३ कुठं गेला?" हा प्रश्नही दरवर्षी येतो. प्रयोगांच्या निकालांवरून तसा एक रिसेप्टर असावा असं मांडलं गेलं, पण त्याचा जीन कधी हाती लागला नाही. क्रमांक तेवढा रिकामा राहिला. सहावा आहे, पण माणसात तो जीन निकामी आहे.

धमनीच्या कामात दोन नावं मुख्य. वाय-१ स्नायूवर बसतो. तो जीआय जातीच्या जी-प्रोटीनला (निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनाला) जोडलेला असतो. तो चेतला की पेशीतलं कॅल्शियम वाढतं, कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरतं, मग मायोसिनच्या (स्नायू ओढणाऱ्या प्रथिनाच्या) हलक्या साखळीवर फॉस्फेट चढतो आणि स्नायू आवळतो. वाय-२ मुख्यतः मज्जातंतूच्या टोकावर बसतो आणि तिथं तो ब्रेक असतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि खुद्द एनपीवाय, दोन्हींचं सुटणं तो कमी करतो. काही वाहिन्यांत वाय-२ स्नायूवरही सापडतो आणि तिथं तो आवळतोच. म्हणजे "वाय-१ आवळतो, वाय-२ सैल करतो" हे गाइडबुकातलं वाक्य पाठ करू नका. वाय-५ कडे नंतर येऊ. वाय-४ ला खरी ओढ पँक्रियाटिक पॉलिपेप्टाइडची, त्याला इथं बाजूला ठेवलं तरी चालतं.

पायरी १: मटणवाला

विभागाचं पत्र घ्या, संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीचे नियम विचारा, आणि मग सकाळी लवकर नेहमीच्या मटणवाल्याकडे जा. रविवारी जाऊ नका, रांगेतली माणसं तुमच्या थर्मासकडे संशयानं बघतात. श्रावणात माल कमी, हेही वेळापत्रकात धरा. त्याला वजडी नको म्हणून सांगा. आतड्याला धरून ठेवणारी पातळ झिल्ली, तिच्यातल्या पांढऱ्या नळ्यांसकट, हवीय. ती कापल्यावर जितक्या लवकर बर्फगार क्रेब्ज द्रावणात (धमनी जिवंत ठेवणाऱ्या क्षार-साखरेच्या पाण्यात) पडेल तितकं बरं. माझ्या मटणवाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "ताई, ह्याचा रस्सा कसा करतासा?" आता तो स्वतःच बाजूला काढून ठेवतो.

पायरी २: क्रेब्ज आणि रिंग

मिलिमोलरमध्ये प्रमाणं अशी: सोडियम क्लोराइड ११८, पोटॅशियम क्लोराइड ४.७, कॅल्शियम क्लोराइड २.५, मॅग्नेशियम सल्फेट १.२, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२, सोडियम बायकार्बोनेट २५, ग्लुकोज ११. तापमान ३७ अंश, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत सोडलेला, पीएच ७.४. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, तेही वायू सुरू केल्यावर घाला. मी पहिल्यांदा सगळं एकदम ओतलं आणि पाच लिटरचा दुधी गढूळ साका तयार झाला. तो साका म्हणजे तुमचंच कॅल्शियम, टिश्यूला मिळायचं ते तळाशी बसलेलं.

धमनी स्वच्छ करताना चरबी ओढू नका, कापा. दोन-तीन मिलिमीटरच्या रिंगा करा आणि दोन तारा आतून घालताना अस्तराला खरवडू नका. रिंग या तारांवर क्रेब्ज भरलेल्या भांड्यात, म्हणजे बाथमध्ये टांगायची; ती आवळली की तारेवरचा ताण ग्राफवर उमटतो. रिंगला सुरुवातीचा ताण किती द्यायचा, याचा आकडा दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका. वाहिनीगणिक तो बदलतो. ताण थोडा थोडा वाढवत प्रत्येक टप्प्यावर पोटॅशियम द्या, आणि ज्या टप्प्यावर प्रतिसाद सर्वांत मोठा येतो तो ताण ठरवा.

पायरी ३: जिवंत आहे का, अस्तर आहे का

तासभर स्थिर होऊ द्या, मधे दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदला. मग ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. हा झटका कुठल्याही रिसेप्टरशिवाय, नुसत्या विद्युतभारामुळं आवळतो. पुढची सगळी आकुंचनं याच्या टक्केवारीत मांडायची.

मग नॉरअ‍ॅड्रेनालिननं आवळा आणि त्यावर अ‍ॅसिटिलकोलिन द्या. सैल झाली तर अस्तर शाबूत आहे. ही चाचणी फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांच्या १९८० च्या सशाच्या महाधमनीवरच्या कामातून आली. अस्तर घासून गेलेली धमनी अ‍ॅसिटिलकोलिननं सैल होत नाही, हे त्यांना दिसलं आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइडची, म्हणजे अस्तरातून सुटून स्नायू सैल करणाऱ्या वायूची, सगळी गोष्ट उलगडली. फर्चगॉट यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. माझ्या पहिल्या आठ रिंगांपैकी एकही सैल झाली नव्हती. दोष चिमट्याचा होता, म्हणजे माझ्या हाताचा.

पायरी ४: पेप्टाइडची कुपी

इथं पैसे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा. एनपीवायचा रेणुभार सुमारे ४२७२. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या कुपीत साधारण ११७ नॅनोमोल. ते १.१७ मिलिलिटरमध्ये विरघळवलं की १०० मायक्रोमोलरचा साठा झाला. १० मिलिच्या बाथमध्ये यातले १० मायक्रोलिटर टाकले की १०० नॅनोमोलर. लेबलवर निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण वेगळं दिलेलं असेल तर हिशेब त्यावरून करा, कारण पावडरीच्या वजनात पाणी आणि क्षारही असतात.

छोट्या छोट्या कुप्यांत वाटून गोठवा. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. काचेला आणि प्लॅस्टिकला पेप्टाइड चिकटतं, म्हणून पातळ करायच्या द्रावणात ०.१ टक्का बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घाला. आमच्याकडच्या एका मुलानं दोन महिने "बोकडात एनपीवाय चालतच नाही" असं लिहिलं होतं. त्याचं एनपीवाय टेस्ट ट्यूबच्या भिंतीला चिकटलेलं निघालं.

पायरी ५: उपप्रकार पकडणं

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथं घाई नको.

पहिलं, नुसतं एनपीवाय कमी मात्रेपासून चढत्या क्रमानं द्या. मोठ्या धमनीत कदाचित फारसं काही दिसणार नाही. निराश होऊ नका. एनपीवायचं काम पुष्कळदा स्वतः आवळण्यापेक्षा नॉरअ‍ॅड्रेनालिनला बळ देण्याचं असतं. म्हणून एक रिंग फक्त नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या वक्रासाठी (मात्रा वाढवत काढलेल्या आकुंचनाच्या आलेखासाठी) ठेवा आणि शेजारच्या रिंगवर तोच वक्र थोड्या एनपीवायच्या हजेरीत काढा. वक्र डावीकडे सरकला, म्हणजे कमी मात्रेतच तेवढं आकुंचन आलं, तर एनपीवाय आहे आणि काम करतंय. उंदराच्या आतड्याच्या बारीक धमन्यांत हा परिणाम ठळक दिसतो, आणि तो वाय-१ मार्फत होतो.

दुसरं, एनपीवायच्या साखळीचे तुकडे वापरा. १९८६ मध्ये वालेश्टेट आणि सहकाऱ्यांनी अशा तुकड्यांवरूनच दोन रिसेप्टर असल्याचं मांडलं. वाय-१ ला साखळी पूर्ण लागते, सुरुवातीचं टोक गेलं की तो ओळख देत नाही. वाय-२ शेपटीवर भागवतो, त्याला ३-३६ किंवा १३-३६ (तिसऱ्या किंवा तेराव्या अमिनो आम्लापासून शेवटापर्यंतचा) हा तुकडाही पुरतो. याच्या उलट, ३१ व्या जागी ल्युसिन आणि ३४ व्या जागी प्रोलिन बसवलेलं एनपीवाय वाय-१ ला चालतं, वाय-२ ला चालत नाही. म्हणजे पूर्ण साखळी आणि ल्युसिन-प्रोलिनवाली या दोन्हींनी आवळलं, १३-३६ नं नाही, तर संशयाची सुई वाय-१ कडे. फक्त संशयाची. कारण ती ल्युसिन-प्रोलिनवाली साखळी वाय-४ आणि वाय-५ लाही लागू पडते, आणि ३-३६ वाय-५ लाही.

तिसरं म्हणूनच अँटॅगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टर अडवणारे रोधक. वाय-१ साठी बीआयबीपी ३२२६, १९९४ मध्ये आलेला, पेप्टाइड नसलेला पहिला जोरकस वाय-१ रोधक. वाय-२ साठी बीआयआयई ०२४६. वाय-५ साठी सीजीपी ७१६८३. बीआयबीपी ३२२६ बरोबर त्याचा आरशातला भाऊ, बीआयबीपी ३४३५, जरूर चालवा. तो रेणू तोच, पण उलट्या हाताचा आणि वाय-१ वर जवळजवळ निष्क्रिय. दोघांनीही आकुंचन सारखंच कमी केलं, तर तुम्ही रिसेप्टर बंद करत नव्हता, टिश्यूला त्रास देत होता.

रोधक "निवडक" असतो तो ठरावीक मात्रेपर्यंतच. बीआयबीपी ३२२६ न्यूरोपेप्टाइड एफएफच्या रिसेप्टरलाही चिकटतो. म्हणून एकाच मोठ्या मात्रेवर निकाल लावू नका, तीन मात्रा द्या आणि शिल्डची रीत (वक्र किती सरकला यावरून रोधकाची पकड मोजण्याची) वापरा. समजा, निम्म्या परिणामाला लागणारी एनपीवायची मात्रा १० नॅनोमोलर होती आणि १०० नॅनोमोलर रोधकापुढं ती ११० झाली. गुणोत्तर ११, त्यातून १ वजा, राहिले १०. रोधकाचे १०० भागिले १०, म्हणजे बंध-स्थिरांक १० नॅनोमोलर, लॉगच्या भाषेत ८. हा आकडा वाय-१ साठी छापून आलेल्या आकड्याशी जुळतो का बघायचं. तिन्ही मात्रांवर वक्र समांतर सरकले आणि शिल्डच्या रेघेचा उतार १ च्या आसपास आला, तर एकच रिसेप्टर आहे असं धिटाईनं लिहा. उतार बिघडला तर दुसरा कुणीतरी मधे आहे.

आणि एकाच रिंगवर एनपीवायचा वक्र दोनदा काढू नका. वाय-१ लवकर थकतो. दुसरा वक्र छोटा येतो आणि तुम्ही श्रेय रोधकाला देता. एक रिंग, एक वक्र. शेजारी नुसत्या द्रावकाची रिंग असलीच पाहिजे.

पायरी ६: मज्जातंतूच्या टोकावरचा ब्रेक

वाय-२ बघायचा तर बाहेरून एनपीवाय ओतून भागत नाही, आतले तंतू पेटवावे लागतात. रिंगच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावा आणि एक मिलिसेकंदापेक्षा छोटे विजेचे ठोके द्या. ठोका लांबला तर वीज थेट स्नायूलाच आवळते. आकुंचन खरंच तंतूंचं आहे का, हे तंतू गप्प करणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिननं पडताळता येतं. ते जहर आहे, गाइडच्या देखत, हातमोजे घालून.

मग १३-३६ द्या. ठोक्यांनी येणारं आकुंचन कमी झालं, पण बाहेरून दिलेल्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचं तसंच राहिलं, तर ब्रेक तंतूवर आहे. बीआयआयई ०२४६ नं तो सुटला, तर ब्रेक वाय-२ चा. याचा सराव उंदराच्या शुक्रवाहिनीवर करणं सोपं. वाय-२ च्या कामाचा तो जुना आखाडा आहे.

एक गुंता मात्र आपल्या तांबड्या रश्शातला. रस्सा ओरपला की कान-नाक लाल होतात, ते मिरचीतल्या कॅप्सेसिननं संवेदी तंतू चेतल्यामुळं. त्या तंतूंतून सीजीआरपी आणि सबस्टन्स पी ही पेप्टाइडं सुटतात, आणि दोन्ही वाहिन्या रुंदावतात. सीजीआरपी थेट स्नायू सैल करतं, सबस्टन्स पी अस्तरावरच्या एनके-१ रिसेप्टरमार्फत नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं. विजेचा ठोका हे तंतूही पेटवतो, आणि तुमचं आकुंचन आहे त्याहून छोटं दिसतं. उपाय त्याच मिरचीचा. रिंग आधी कॅप्सेसिनमध्ये ठेवून तंतूंचा साठा संपवायचा, धुवायचं, मग प्रयोग. पिपेट धरलेल्या हातानं डोळे चोळू नका. हे मी हसत लिहितेय, तेव्हा हसले नव्हते.

पायरी ७: अस्तर काढून बघा

अर्ध्या रिंगांचं अस्तर मुद्दाम घासून काढा आणि तोच प्रयोग करा. इथं एंडोथेलिन डोळ्यांसमोर ठेवलं की मुद्दा लगेच समजतो. २१ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या अस्तरपेशींतून शोधलं. त्याचा ईटी-ए रिसेप्टर स्नायूवर, तो आवळतो. ईटी-बी अस्तरावर, तो नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून सैल करतो. पण काही वाहिन्यांत, विशेषतः शिरांत, ईटी-बी स्नायूवरही असतो आणि आवळतो. अस्तर गेल्यावर आकुंचन वाढलं, तर अस्तरातला कुणीतरी आधी आवर घालत होता. ईटी-ए साठी बीक्यू-१२३, ईटी-बी साठी बीक्यू-७८८ हे रोधक. फुप्फुसातल्या उच्च रक्तदाबावर दिलं जाणारं बोसेंटन दोन्ही अडवतं, अँब्रिसेंटन मुख्यतः ईटी-ए.

वाय-५ आणि साखरेची गोळी

वाय-५ साठी स्वतंत्र पायरी केली नाही, कारण आकुंचनात तो बहुतेकदा वाय-१ च्या मागं उभा असतो. वाय-१ पूर्ण बंद करूनही थोडं आकुंचन उरलं, तर आधी वाय-२ आणि मग वाय-५ बंद करून बघा.

त्याहून रंजक गोष्ट म्हणजे डीपीपी-४ हे विकर (एन्झाइम). ते एनपीवायची पहिली दोन अमिनो आम्लं कापतं आणि ३-३६ उरतं. त्या एका कापानं वाय-१ ची चावी बाद होते, वाय-२ आणि वाय-५ ची चालू राहते. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या हेच विकर अडवतात. त्या घेतल्या की एनपीवायची पूर्ण साखळी जास्त टिकणार, हे तर्कानं दिसतं. बाथमध्ये तुम्ही हे तपासू शकता: सिटाग्लिप्टिन असताना आणि नसताना, तोच एनपीवायचा वक्र. घरी आजोबांची गोळी मात्र यावरून बंद करायला सांगू नका. बाथमधली रिंग वेगळी, माणूस वेगळा, तिथं डॉक्टरांचाच शब्द.

वही

प्रत्येक रिंगपुढं लिहा: बकरं कितवं, रिंग कितवी, अस्तर आहे की नाही, पोटॅशियमचं आकुंचन किती, कुपीची तारीख. बिघडलेल्या रिंगाही लिहा, कारणासकट. आणि आकडेमोडीला बसताना विसरू नका: एका बकऱ्याच्या आठ रिंगा म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर आठ होत नाही. एन बरोबर एक. आता मटणवाल्याला फोन करून पुढच्या बुधवारचं सांगून ठेवा.